सोळा खिळ्यांची चटई

एखाद्या खेळाडूबद्दल कोणी म्हणालं, "पोरगा चांगला आहे हो, पण अंगच नाजूक, त्याला काय करणार," की माझं डोकं आजही फिरतं. मी विचारतो, अंग नाजूक हे तुम्हाला कोणी सांगितलं? तो पडला तेव्हा त्याच्या पायाखाली काय होतं ते कोणी वाकून बघितलं का? मग लोक एकमेकांकडे बघतात. म्हातारा चिडला, म्हणतात. चिडलोच आहे. चिडायला मला कारण आहे, आणि ते कारण मी स्वतः आहे.

पन्नासचं दशक सरत आलं होतं. मी कुवेतला एका तेल कंपनीच्या कॅम्पात स्टोअरकीपर होतो. आमच्या मेसमध्ये बहुतेक सगळे रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान. कोणी फिटर, कोणी टायपिस्ट, कोणी साहेबांच्या बंगल्यावर खानसामा. मेसचा कारभार एका माणसाच्या हातात होता. त्याला सगळे नाखवा म्हणत, कारण कंपनीत येण्यापूर्वी त्याने निम्मं आयुष्य गलबतावर काढलं होतं. नाखवाच आमची नमाज पढवायचा, नाखवाच भांडणं सोडवायचा, आणि कालवणात मीठ कमी पडलं तर शिव्याही नाखवाच खायचा.

शुक्रवारी सुट्टी. शुक्रवार म्हणजे क्रिकेट. कॅम्पातून अबू हलीफाकडे जाताना एक सपाट तुकडा होता. त्यावर आम्ही गच पसरून, पाणी मारून, पिंप फिरवून खेळपट्टी केली होती. गच म्हणजे तिथली चुनखडीसारखी माती. वाळली की फरशी होते. पण नुसत्या गचवर चेंडू कुठेही उडतो, म्हणून वर काथ्याची चटई लागते. ती चटई मी मुद्दाम आपल्याकडून बोटीने मागवली होती. पुरी बावीस यार्डांची, उचलायला सहा माणसं लागायची. चटई, स्टम्प, हातोडा आणि खिळे माझ्या ताब्यात. स्कोअरबुकही माझ्याच ताब्यात. मला स्वतःला बॅट धरता येत नव्हती, पण माझ्याशिवाय सामना सुरू होत नव्हता, आणि याचा मला भलता अभिमान होता.

आता त्या चटईचं दुसरं काम सांगतो. मशीद लांब होती, लॉरी मिळाली तरच जाता यायचं. म्हणून सामना असला की जुम्म्याची नमाज आम्ही मैदानाजवळच्या पाण्याच्या टाकीच्या सावलीत पढत असू. अंथरायला काय? तीच चटई. खिळे उपटायचे, चटई झटकायची, टाकीपाशी नेऊन काबेच्या दिशेला आडवी टाकायची. तिच्यावर नमाजींच्या दोन सफा, म्हणजे रांगा, आरामात उभ्या राहायच्या. नमाज झाली, जेवण झालं की चटई परत खेळपट्टीवर. तीन वाजता असरची नमाज, तेव्हा पुन्हा तीच वरात. ज्या चटईवर खेळलो तिच्यावरच डोकं टेकवलं, यात आम्हाला कधी काही वावगं वाटलं नाही. उलट बरं वाटायचं.

पण खिळे ठोकून ठोकून माझे हात भरून यायचे. सकाळी मी सोळा खिळे ठोकायचो, दोन्ही कडांना, अंतर मोजून. दुपारी परत सोळा ठोकायचे आणि दोन तासांत परत उपटायचे? म्हणून मी एक नियम काढला. दुपारी चार कोपऱ्यांना चारच खिळे. काम सोपं झालं. सगळ्यांनी मला दुवा दिली.

हे सगळं आधी सांगून टाकलं, कारण तेव्हा मला यातलं काहीच दिसत नव्हतं. मला फक्त तो दिसत होता.

तो आमच्याच किनाऱ्यावरचा, उर्दू शाळेतल्या मास्तरांचा मुलगा. बावीस वर्षांचा, वर्कशॉपमध्ये लागला होता. अंगाने काटक, चेहऱ्याने इतका गरीब की पहिल्या शुक्रवारी मी त्याला पाणी द्यायला बसवणार होतो. कोणीतरी म्हणालं, याला एक ओव्हर देऊन बघा. त्याने उत्तरेकडून धाव घेतली, शमाल, म्हणजे तिथला उत्तरेचा वारा, पाठीवर घेत. पहिला चेंडू फलंदाजाला दिसलाच नाही. विकेटकीपरच्या हातात तो आदळला तो आवाज मला सीमेवर ऐकू आला, आणि कीपर ग्लोव्ह काढून बोटं मोजायला लागला. मी पेन्सिल खाली ठेवली. आपल्याकडचा, भाताच्या वाफ्यात आणि पुळणीवर खेळलेला पोरगा, आणि हा वेग! त्या दिवसापासून मी त्याचा झालो. बायकोला पत्र लिहायला बसलो तर त्यातही त्याच्याच विकेटी.

दर हिवाळ्यात साहेब लोकांच्या टीमशी आमचा एक सामना व्हायचा. आम्ही दर वर्षी हरायचो. ते हसत हात मिळवायचे, चांगला प्रयत्न केलात म्हणायचे. ते "चांगला प्रयत्न" ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. आता मी मनात म्हटलं, या वर्षी या, तुम्हाला प्रयत्न दाखवतो.

सामन्याच्या दोन आठवडे आधी, दुपारच्या पहिल्याच ओव्हरला तो चेंडू टाकताना कोसळला. डावा घोटा टम्म फुगला. चौघांनी उचलून त्याला मेसमध्ये आणलं. मी हळद गरम करून लावत होतो तेव्हा तो म्हणाला, "चाचा, पाय नाय मुरगळला. चटई सरकली. खालून हलते ती."

मी हसलो. हो, हसलो. म्हटलं, "आता चटईवर खापर फोड. इतके लोक खेळतात, त्यांच्या पायाखाली नाही सरकत ती?"

त्याने हळदीसाठी पाय पुढे केला. मोठ्यांना उलट बोलायचं नाही हे मास्तरांनी त्याला नीट शिकवलं होतं. पुढे तो चटईचं नाव काढून कधी बोलला नाही.

दुसऱ्या वर्षी गुडघा. तोही सामन्याच्या तोंडावर, तोही जेवणानंतर. त्याने सकाळी चार गडी घेतले होते आणि मी खुशीत दोन थाळ्या जेवलो होतो. मग तो पडला आणि माझं जेवण तिथेच राहिलं. त्या दिवशी मी त्याच्यावर ओरडलो. दुखऱ्या गुडघ्याला धरून बसलेल्या पोरावर मी ओरडलो, "अरे, हाडं आहेत की चिनी बशी?"

लोकांना ते आवडलं. झालं, त्याचं नाव बशी पडलं. बशी आली, बशीला चहा द्या, बशी जपून ठेवा. तो हसायचा. मीही हसायचो, आणि आतून धुमसत असायचो. मी त्याला पायांचं सूप पाजलं. खजूर खायला घातले. गावाहून खोबरेल मागवून मालीश करवलं. खानसाम्याने नजर उतरवली, मिरच्या जाळल्या, सगळी मेस खोकत बाहेर पळाली. मी म्हणायचो, हा पोरगा मला मारणार. अल्लाने हात दिला सोन्याचा आणि पाय दिले उधारीचे! असलं काय काय मी त्याच्यादेखत बोललो आहे. चाहता म्हणजे जीव लावणारा, असं लोक समजतात. चाहत्याइतकं कडू कोणी बोलत नाही.

तिसऱ्या वर्षी पुन्हा घोटा. या वेळी कंपनीच्या दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टर भला माणूस होता. त्याने नाखवाला बाजूला घेऊन सांगितलं की पुन्हा असं झालं आणि पाय आखडला, तर वर्कशॉपच्या शिडीवर चढता येणार नाही. मग डॉक्टरला कागदावर अनफिट लिहावं लागेल. अनफिट लिहिलं की पुढच्या बोटीने घरी.

नाखवाने संध्याकाळी सगळ्यांसमोर फैसला सांगून टाकला. "आता बास झाला. ह्यो पोर चेंडू टाकनार नाय."

मी उसळलो. "असं कसं? सामना एका महिन्यावर आलाय!"

"सामना तुझा. पोराच्या बापाला जबाब मना द्यायचा हाय. त्येच्या पगारावर दोन बहिनींची लग्ना व्हायची हायत."

नाखवाचं खरं होतं. मी पोराकडे बघितलं. तो उठला, आपले कॅनव्हासचे बूट घेऊन आला आणि माझ्यासमोर ठेवले. बूट पांढऱ्या खडूने रंगवलेले होते. म्हणजे खेळायची तयारी करून ठेवली होती त्याने.

"चाचा, स्टोअरमधे ठेवा. कोनाला व्हतील त्याला द्या."

मी ते बूट घेतले. रडायला येत होतं, म्हणून मी त्याच्यावरच वसकलो, "नीट पुसून तरी द्यायचे!"

दुसऱ्या दिवशी स्टोअरमध्ये काम कमी होतं. मी ठरवलं, नाखवाला हिशेबच दाखवायचा. तीन वर्षांत पोराने किती गडी घेतले, किती ओव्हर टाकल्या, सगळं कागदावर मांडून त्याच्या पुढ्यात ठेवायचं. खलाशी असो की नाखवा, आकड्यांपुढे बोलतो कसा बघू. मी तिन्ही वर्षांची स्कोअरबुकं काढली आणि पेन्सिल घेऊन बसलो.

प्रत्येक पानाच्या खाली शेऱ्याची जागा असते. मला शेरे लिहायची हौस. पहिल्या वर्षाच्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: "जुम्म्यानंतर पहिली ओव्हर. घोटा मुरगळला. म्हणे चटई सरकली. बहाणे फार." दुसऱ्या वर्षी: "जुम्म्यानंतर दुसरी ओव्हर. गुडघा." तिसऱ्या वर्षी: "जुम्म्यानंतर पहिली ओव्हर. पुन्हा घोटा. नशीब!"

मी पानं मागेपुढे केली. तीन वर्षांत सकाळी त्याने कितीतरी ओव्हर टाकल्या होत्या. सकाळी एकदाही नाही. एकदाही त्याच्या केसाला धक्का लागला नव्हता. जे झालं ते सगळं दुपारी, नमाजीनंतर चटई परत टाकल्यावर.

आणि दुपारी चटई कोण टाकत होतं? चार खिळे कोणी ठोकले होते?

एक फिटर नटबोल्ट मागायला आला होता, तो दोनदा हाक मारून निघून गेला. मला कोणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं होतं, आणि मारणाऱ्याचा हात माझाच होता. बाकीचे लोक का पडले नाहीत, तेही आता कळत होतं. आमचे बाकीचे बॉलर चार पावलं चालून चेंडू सोडायचे. अख्ख्या जोराने डावा पाय चटईवर आपटणारा आमच्यात तो एकटाच होता. चांगला होता म्हणूनच पडत होता.

तरी मनात एक किडा वळवळत होता. चुकत असलो तर? पाय खरंच नाजूक असला तर? मग मी येत्या शुक्रवारी स्वतः करून बघायचं ठरवलं.

शुक्रवारी जुम्मा झाला, जेवण झालं, चटई परत आली. मी नेहमीप्रमाणे चार कोपऱ्यांना चार खिळे ठोकले. लोक टाकीच्या सावलीत पान लावत बसले होते. नाखवा तिथेच होता, पोरगाही होता, पँट शर्टात, प्रेक्षक म्हणून. मी स्टोअरमधून आणलेले त्याचे बूट पायात घातले. एक नंबर लहान होते, अंगठे दुमडले. चेंडू हातात घेतला आणि उत्तरेकडे वीस पावलं मोजून गेलो.

"चाचा, काय करताव?" कोणीतरी ओरडलं.

तेव्हा माझं वय चाळिशीच्या पुढे, पोट पट्ट्याच्या बाहेर. मी धावलो. आयुष्यात एवढ्या जोरात कधी धावलो नव्हतो. दाढी वाऱ्यावर, लोकांची हसून हसून पुरेवाट. क्रीजपाशी येऊन मी त्याच्यासारखी उडी मारली आणि डावा पाय सगळ्या वजनानिशी खाली आपटला.

चटई माझ्या पायाखालून सरकली. हातभर सुरकुती पडली तिला. मी आधी पार्श्वभागावर आणि मग पाठीवर उताणा पडलो. चेंडू कुठे गेला ते कोणी बघितलंच नाही.

हसणं एकदम थांबलं. सगळ्यांत आधी धावत आला तोच. त्याने मला बगलेत हात घालून बसवलं. मी त्याचा हात झटकला आणि तिथे बसल्या बसल्याच बोललो. पाठीत कळ मारत होती, पण आवाज सगळ्या मैदानाला ऐकू जाईल एवढा काढला. म्हटलं, "ऐका! याचे पाय चांगले आहेत. हाडं चांगली आहेत. तीन वर्षं याला पाडलं ते मी. चार खिळ्यांचा नियम माझा. याने पहिल्याच दिवशी मला सांगितलं होतं, चटई सरकते. मी हसलो. बशी मी म्हटलं. आता जो कोणी याला बशी म्हणेल त्याने आधी इथे धावून दाखवायचं!"

नाखवा हळूहळू उठला, चटईपाशी आला, सुरकुती हाताने चाचपली. मग कोपऱ्यातला एक खिळा धरून दोन बोटांनी ओढला. तो सहज निघून आला. निम्मा जन्म दोर आणि गाठी बांधलेला माणूस. त्याने तो खिळा माझ्यासमोर धरला.

"असा बांधला असतास गलबतावर, तर तुला मी समुद्रात टाकला असता."

"टाका," मी म्हटलं. "पण याला खेळू द्या."

"आनि सामन्याच्या दिवशी जुम्म्याला काय करशील? चटई तर उचलावीच लागेल."

निघालेल्या खिळ्याच्या भोकात मी बोट घातलं. सामना दिवसभराचा. सकाळी सोळा ठोकीन, दुपारीही सोळा ठोकीन, पण एकदा उपटलेली भोकं सैल होतात. त्याच भोकात खिळा तितका घट्ट बसत नाही. हे मला चांगलं माहीत होतं.

नाखवाने इकडे तिकडे बघितलं, पायाने थोडी वाळू सारली. म्हणाला, "अल्लाची जमीन सगळी पाक हाय. त्या दिवशी चटई जाग्यावर ऱ्हाईल. आपुन वाळूवर पढू. ज्याला कपडे जपायचे हायत त्याने चादर आनावी."

मग तो पोराकडे वळला. "घोटा दुखला की थांबायचा. कबूल?"

"कबूल," तो म्हणाला. त्याने माझ्या पायातले बूट सोडायला घेतले.

सामन्याच्या दिवशी मी उजाडता उजाडता मैदानावर होतो. सोळा नाही, चोवीस खिळे ठोकले. जुम्म्याच्या वेळी एक विचित्र दृश्य दिसलं. आमचे लोक खाटेवरच्या चादरी, लुंग्या, कोणी घरून आणलेली गोधडी घेऊन वाळूवर ओळीत उभे राहिले, आणि बाजूला भर उन्हात ती रिकामी चटई तशीच ताणलेली. साहेब लोक आपल्या तंबूतून बघत होते. त्यांना काय कळणार होतं! सजद्यात कपाळाला वाळू चिकटली. मी ती पुसली नाही.

जेवणानंतरची पहिली ओव्हर त्याची. मी स्कोअरच्या टेबलावर बसलोच नाही. वही दुसऱ्याकडे दिली आणि हातोडा घेऊन उभा राहिलो. तो धावत आला. डावा पाय खाली आला तेव्हा मी चेंडू बघितला नाही, फलंदाज बघितला नाही. चटई बघितली.

ती हलली नाही.

तो पूर्वीइतका वेगवान राहिला नव्हता, हे खरं आहे. तीन वर्षांनी काहीतरी घेतलंच होतं, ते मी घेतलं होतं, आणि ते परत देता येण्यासारखं नव्हतं. माझ्या मागे कोणीतरी कुजबुजलं, "वेग गेला." मी हातोडा तसाच हातात घेऊन वळलो आणि तो माणूस गप्प झाला. गेला तर गेला. तो टाकत होता ना! एक ओव्हर, दोन, पाच, नऊ. प्रत्येक ओव्हरनंतर मी वाकून एकेक खिळा हलवून बघत होतो. पंच वैतागला. मी म्हटलं, वैताग. पाच गडी त्याने घेतले, आणि त्यातला एक तोच साहेब होता जो दर वर्षी "चांगला प्रयत्न" म्हणायचा.

सामना आम्ही थोडक्यात हरलो. हरलो तर हरलो. हात मिळवताना त्या साहेबाने काहीही म्हटलं नाही, एवढं मला पुरलं.

संध्याकाळी चटई गुंडाळून मेसकडे न्यायची होती. आतापर्यंत दर हिवाळ्यात त्यालाच उचलून न्यावं लागलं होतं. या वेळी तो चटईच्या पुढच्या टोकाला गेला, वाकला आणि ती खांद्यावर घेतली. मधे चौघे, मागच्या टोकाला मी. माझी पाठ अजून त्या पडण्याने धरलेली होती. तो भराभर पावलं टाकत होता, जराही लंगडणं नाही, काही नाही. मला ती चाल झेपेना. मी धापा टाकत ओरडलो, "अरे, जरा हळू!"

त्याने मागे वळून बघितलं. तीन वर्षांत तो मला एक उलट शब्द बोलला नव्हता.

"काय झाला, बशी?" तो म्हणाला. "दमलाव?"